दुसरी कुपी

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर माझ्या हातची पाटी आहे, 'लोखंड आत नाही'. नवीन माणूस ती वाचून हसतो. मग मी त्याला मनगटावरचं घड्याळ काढायला लावते, खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवायला लावते, बाई असेल तर केसांतल्या पिनासुद्धा, आणि हसू आपोआप मावळतं. खिशातल्या किल्लीनं खरं तर काही बिघडत नाही, पण माणसाला धाक असावा. हॉस्पिटलच्या तळघरातली ही खोली गेली अठरा वर्षं माझ्या ताब्यात आहे आणि माझ्या जिभेला भिऊन इथे उगाच कुणी फिरकत नाही.

काम सांगायला सोपं आहे. आम्ही एका रेणूत धातू बसवतो. रेणू म्हणजे एक कडं, आतल्या बाजूला वळलेले चार हात असलेलं. कड्याला एक शेपूट जोडलेलं असतं आणि ते काही ठरावीक गाठींच्या पेशींना जाऊन चिकटतं. कड्यात किरण सोडणारा धातू बसवून औषध शिरेतून दिलं की ते शरीरभर फिरत गाठीपाशी पोचतं आणि तिला जागेवरच भाजतं. त्याच कड्यात दुसरा, मवाळ धातू बसवला तर गाठी कुठे कुठे आहेत ते कॅमेऱ्यात दिसतं. आधी बघायचं, मग भाजायचं.

सगळी मदार कड्याच्या पकडीवर. वाटेत धातू सुटला तर तो हाडात जाऊन बसतो आणि आतली मज्जा जाळतो, म्हणजे गाठ राहते बाजूला आणि रक्तच बनायचं थांबतं. म्हणून कडं असं लागतं की एकदा धरलं की सोडायचं नाव नको. आमचं तसंच आहे. त्याची एक खोड मात्र आहे. आत कोण आलं हे ते बघत नाही. लोखंड आलं तर लोखंड, जस्त आलं तर जस्त. पहिलं जे येईल त्याला मिठी मारतं आणि मग त्यालाही सोडत नाही. आम्ही घालतो तो धातू डोळ्यांना दिसणारही नाही इतका थोडा. त्याची जागा अडवायला एका सुईचं लोखंड पुरतं.

म्हणून ती पाटी.

माझ्या हाताखाली एक जण आहे. त्याला मी कासव म्हणते, पहिल्यांदा चिडून म्हटलं आणि मग तेच पडलं. वय पस्तिशीचं, दोन मुलांचा बाप, पण एक बाटली उघडायला याला पाच मिनिटं लागतात. आधी बाटलीवरचं नाव वाचणार, मग यादीतलं नाव वाचणार, मग परत बाटलीवरचं. प्लास्टिकचे चिमटे, प्लास्टिकच्या सुया, आम्लानं तीनदा धुतलेल्या नळ्या. मी त्याला म्हणायची, "तुझ्या हातून औषध तयार होईपर्यंत रोगी म्हातारपणानं जाईल." तो नुसता हसायचा. त्याचं औषध आजवर कधी नापास झालं नव्हतं. माझं दोनदा झालं होतं, पण ते जुनं, आणि त्याची आठवण काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

आमच्याकडे एक नियम आहे, तोही माझाच. नात्यातल्या माणसाचा डोस आपण करायचा नाही. हात थरथरतो, नाहीतर नको इतका जपून चालतो, आणि दोन्ही वाईट. दादा आजारी पडला तेव्हा हा नियम मी पाळला. पहिले दोन डोस कासवानं केले.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आईबाबा दोन वर्षांच्या अंतरानं गेले, दोघंही उरले नाहीत तेव्हा मी आठवीत होते, तो नुकताच नोकरीला लागला होता. वजनंमापं तपासायचं खातं. त्याच्या हातात पितळी वजनांची पेटी असायची, आणि तो रस्त्याच्या तोंडाशी दिसला की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. तीस वर्षांत त्यानं कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. घरातही तेच. एकदा गणिताच्या पेपरात माझ्या मार्कांची बेरीज चुकून सात मार्क जास्त पडले. मी बोलून गेले, आणि त्यानं तिथल्या तिथे माझा हात धरून मला शाळेत नेलं. मास्तरांनी सात मार्क कापले, माझा पहिला नंबर गेला. घरी येताना मी रडत होते. तो म्हणाला, "ठमे, ते तुझे नव्हतेच." मला तेव्हा त्याचा इतका राग आला की मी तीन दिवस बोलले नाही. पण माझ्यात जे काही सरळ आहे ते त्या दिवसाचं आहे असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. वहिनी म्हणते, "तुमच्या घरात देव नाही, दादा आहे." ती थट्टेनं म्हणते. मी थट्टा समजत नव्हते.

त्याची गाठ स्वादुपिंडात सुरू झाली आणि सापडली तेव्हा यकृतभर पसरली होती. दोन डोसांनंतर ती जरा आटली. पण त्याच्या रक्तातल्या बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणारे कण, घसरत चालले. पंच्याहत्तर हजारांच्या खाली गेल्या की डोस देता येत नाही. त्या सोमवारी त्याच्या अठ्ठ्याहत्तर हजार निघाल्या.

मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, तुम्हाला काय लपवायचं. गाठी यकृताच्या शिरेला टेकल्यात. हा डोस या आठवड्यात पडला तर पडला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बिंबिका डोस देण्याइतक्या राहतील असं मला वाटत नाही, आणि डोस नाही म्हटल्यावर माझ्या हातात दुसरं काही नाही."

मी खाली आले आणि कासवाला सांगितलं, "परवाचा दादाचा डोस मी करणार."

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. "मॅडम, नियम..."

"नियम कुणी केला?"

तो परत नळ्या धुवायला लागला.

त्या दिवशी दोन डोस होते. सकाळचा दादाचा, दुपारचा घड्याळजींचा. घड्याळजी म्हणजे एक साठीचे गृहस्थ, घड्याळं दुरुस्त करायचे. सहा तास बसनं प्रवास करून यायचे, बरोबर मुलगी. मला रुग्णांशी गप्पा मारायचा सोस नाही, पण हा माणूस मला आवडायचा. पहिल्या भेटीत इतर लोक विचारतात तसं 'बरा होईन ना' असं त्यांनी विचारलंच नाही. कड्याचं चित्र मागितलं, डोळ्याला भिंग धरायच्या सवयीनं एक बोट लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "पकड सैल नाही ना होत?"

मी म्हटलं, "वर्षानुवर्षं नाही."

"मग माझ्या धंद्यापेक्षा बरं आहे. आमच्याकडे सगळं सैल होतं," असं म्हणून ते स्वतःच हसले.

दादाची आणि त्यांची वरच्या प्रतीक्षालयात ओळख झाली होती. एकाला काट्याचं वेड, दुसऱ्याला काट्यांचं, असं वहिनी म्हणायची. दोघं शेजारी बसून गावभरच्या खोट्या मापांना नावं ठेवत.

औषधाची कुपी दर माणशी एक. कडं आणि शेपूट यांची पांढरी भुकटी, चिमूटभराहूनही कमी, बाहेरदेशी बनते आणि महिन्यातून एकदा बर्फाच्या खोक्यात येते. त्या महिन्यात दोनच कुप्या आल्या होत्या. एकीवर दादाचं नाव, एकीवर घड्याळजींचं. धातू मात्र दोघांचा वेगवेगळ्या शिशाच्या डब्यांतून आला होता आणि त्याला थांबायला वेळ नसतो. साडेसहा दिवसांत तो निम्मा होतो.

आदल्या दुपारी मी तयारीला बसले. भुकटी ज्या द्रावात विरघळवायची तो कासवानं करून, गाळून, बाटलीत भरून ठेवला होता. मी बाटली दिव्यासमोर धरली. तळाशी काहीतरी तरंगल्यासारखं वाटलं. तिथे काही नव्हतं हे मला आज माहीत आहे, बहुधा तेव्हाही माहीत होतं. पण डोस दादाचा होता. मी म्हटलं, परत एकदा गाळून घेऊ. जास्तीची काळजी घेतल्यानं कुणाचं काय जातं?

कासव जेवायला गेला होता. प्लास्टिकच्या सुया त्याच्या खणात होत्या आणि खणाची किल्ली माझ्याच नियमाप्रमाणे त्याच्या खिशात, बाहेर. माझ्या टेबलावर रक्त काढायच्या खोलीतून आलेलं सुयांचं एक पाकीट होतं. साध्या, पोलादी. मी एक सुई सिरिंजला लावली, द्राव ओढला, गाळणीतून नव्या बाटलीत सोडला, आणि एवढ्यात वहिनीचा फोन आला. दादा काही खात नाही, तू बोल. मी सिरिंज सुईसकट बाटलीच्या तोंडात तशीच उभी ठेवून बाहेर गेले. परत आले तेव्हा बाटली फ्रीजमध्ये ठेवायची होती. ठेवली. सिरिंज आतच राहिली, सुईचं टोक द्रावात बुडलेलं.

द्राव आंबट असतो. सकाळपर्यंत त्याला पुष्कळ वेळ होता.

हे मी पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी तीच सिरिंज बाहेर काढून मी बाजूच्या तबकात ठेवली. हात सुई काढत होते आणि डोकं दादाच्या बिंबिकांपाशी होतं. अठरा वर्षं लोकांच्या केसांतल्या पिना काढल्या, आणि माझ्या हातातली सुई मला दिसली नाही.

शिशाच्या भिंतीआड भुकटी विरघळवली, धातू घातला, पंचाण्णव अंशांवर अर्धा तास ठेवलं. मग तपासणी. औषधाचा थेंब कागदाच्या पट्टीवर टाकायचा, पट्टी द्रवात उभी करायची. सुटा धातू पट्टीवर वर चढतो, कड्यात बसलेला खाली राहतो. यंत्र दोन्ही मोजतं. सत्त्याण्णव टक्के धातू कड्यात असायला हवा.

यंत्रानं एकाहत्तर दाखवलं.

मी दुसरी पट्टी लावली. सत्तर. अजून अर्धा तास तापवलं. एकाहत्तर.

कासव मागे येऊन उभा होता. त्यानं आकडा बघितला, मग सगळं टेबल डावीकडून उजवीकडे बघत गेला, त्याच्या त्या गतीनं. तबकापाशी थांबला.

"मॅडम, ही सुई?"

मी वळून बघितलं आणि मला सगळं एकदम समजलं. कड्यांत लोखंड बसलं होतं. आता जगातली कुठलीही शक्ती ते तिथून उठवू शकत नव्हती. कडं चांगलं होतं म्हणूनच.

"माझी," मी म्हटलं.

तो बोलला असता, आजवर मी त्याला केलेल्या एकेका थट्टेचा हिशेब त्यानं तिथे चुकता केला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "आता?"

एकाहत्तरचं औषध द्यायचा प्रश्नच नव्हता. उरलेला सुटा धातू दादाच्या हाडांत गेला असता आणि उरल्यासुरल्या बिंबिका संपल्या असत्या. सुटा धातू गाळून काढता आला असता, पण मग डोस पाऊणही राहत नव्हता, आणि अर्धवट डोसावर दादाची शेवटची संधी उडवायला मोठे डॉक्टर तयार झाले नसते. तिसरा एकच मार्ग होता. त्याच मिश्रणात ताजी कडी घालायची. रिकाम्या कड्यांत सुटा धातू जाऊन बसला असता. त्यासाठी फक्त आणखी एक कुपी हवी होती.

मी फ्रीज उघडला.

"ती घड्याळजींची आहे," कासव म्हणाला.

"मला वाचता येतं."

"मोठ्या डॉक्टरांना विचारू या."

"विचारलं तर ते काय म्हणतील?"

त्यानं विचार केला. त्या वेळीही त्यानं नीट विचार केला. "नाही म्हणतील."

"मग कशाला विचारायचं?"

मी घड्याळजींची फाइल काढून त्याच्यासमोर आपटली. बिंबिका एक लाख चाळीस हजार. गाठी लहान, शिरेपासून लांब. "हा माणूस एक महिना थांबू शकतो. दादा एक आठवडा थांबू शकत नाही. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"मी तुमच्या जागी नाही, मॅडम," तो म्हणाला. "म्हणून तर मी डोस करणार होतो."

त्याला मी अठरा प्रकारे उत्तर देऊ शकले असते. मी कुपीचं सील फोडलं. तो हात मागे बांधून उभा राहिला, मदत केली नाही आणि अडवलंही नाही. यंत्रानं अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा दाखवलं. दादाला अकरा वाजता डोस सुरू झाला. काचेतून त्यानं मला अंगठा दाखवला. मी पण दाखवला.

घड्याळजींना सांगायचं काम मी स्वतःकडे घेतलं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तेच त्यांना सांगितलं, की कुपीतली भुकटी वाटेत ओलसर झाली, वापरण्याजोगी नाही. ते पलंगावर हॉस्पिटलचा अंगरखा घालून, शिरेत सुई टोचून घेऊन तयार बसले होते. मुलगी खिडकीपाशी उभी होती. तिनं तीन दिवसांची रजा काढली होती.

"सामान खराब निघालं तर कारागीर काय करणार," घड्याळजी म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका हो. पुढच्या महिन्यात येऊ." आणि माझी समजूत घालायला लागले. मी खाली आले आणि हात धुवायच्या बेसिनशी उभं राहून बराच वेळ हात धुतले. उगाच. हाताला काही लागलं नव्हतं.

रोजच्या वहीवर दोन सह्या लागतात. कासव म्हणाला, "मी सही करतो, पण झालं तेच लिहीन." मी म्हटलं, लिही. त्यानं त्याच्या गोल अक्षरात लिहिलं, 'पहिल्या डोसात लोखंड गेल्यानं दुसरी कुपी पहिल्या रुग्णासाठी वापरली.' खाली त्याची सही, त्याखाली माझी. ते पान कुणी उघडून बघितलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. कुणी बघितलं नाही. वह्या भरल्या की कपाटात जातात. त्याच महिन्यात कासवानं वरच्या मजल्यावर, कॅमेऱ्याच्या खोलीत बदली मागितली आणि त्याला ती मिळाली. कारण काय लिहिलं असेल ते मी विचारलं नाही.

घड्याळजींचा धातू शिशाच्या डब्यात पडून राहिला. मी रोज त्याचं मोजमाप घ्यायची, घ्यायची गरज नसताना. साडेसहा दिवसांनी निम्मा, तेरा दिवसांनी पाव.

पुढचं खोकं महिन्यानं यायचं ते आलं नाही. आधी कुठल्यातरी बंदरातल्या संपात अडकलं, मग कागदपत्रांत. सातवा आठवडा उजाडला. दरम्यान घड्याळजींना ताप भरला, छातीत कफ झाला, गावच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. उठले तेव्हा बिंबिका चाळीस हजार होत्या, आणि पुन्हा वर आल्याच नाहीत. गाठी मात्र थांबल्या नव्हत्या. त्यांच्या फाइलवर मोठ्या डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले, 'उपचार बंद'.

दादाचं उलट. डोसानंतरच्या फोटोत त्याच्या यकृतातल्या गाठी दिव्यांसारख्या लागलेल्या दिसल्या, म्हणजे औषध नेमकं तिथेच गेलं होतं. पुढच्या तपासणीला त्या अर्ध्यावर आल्या. बिंबिका सगळ्यांची तोंडं बंद करत चढत गेल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "नवं खोकं आलं की चौथा डोस देऊ. मला आशा नव्हती, खरं सांगतो." वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, पण ते दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी होतं.

घड्याळजींची मुलगी एका मंगळवारी एकटीच आली, जुने फोटो घ्यायला. गावच्या डॉक्टरांना हवे होते. वडील आता अंथरुणावरच असतात, म्हणाली. दुखतं, पण कुरकुर करत नाहीत. मी फोटोंची तबकडी पाकिटात घालून दिली. ती जाता जाता म्हणाली, "बाबा तुमचं नाव काढतात. म्हणतात, त्या बाईंनाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं." आणि नमस्कार करून गेली.

मला त्या वेळी तिच्यामागे धावत जाऊन सांगायचं होतं. मी गेले नाही. मी भित्री आहे हे मला पन्नास वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझा आवाज मोठा आहे.

त्याच संध्याकाळी मी दादाकडे गेले. दुसरं कुणाकडे जाणार होते? लहानपणापासून माझं जे चुकलं ते त्याच्यापुढे ठेवायची सवय. तो ओरडायचा, हात धरून न्यायचा, जे आपलं नाही ते परत करायला लावायचा, आणि मग निदान झोप यायची. मला वाटत होतं, तो ओरडेल. मी त्याच्यासाठी हे केलं म्हणून जास्तच ओरडेल. म्हणेल, चल, आत्ता चल घड्याळजींकडे. मी बसची वेळसुद्धा बघून गेले होते.

तो खिडकीजवळ खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. गालांवर जरा मांस आलं होतं. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. सुई, एकाहत्तर, दुसरी कुपी, ओलसर भुकटीचं खोटं, चाळीस हजार, मुलगी, आता कुठे आलेलं नवं खोकं. एक अक्षर गाळलं नाही आणि स्वतःला कुठे सावरून घेतलं नाही.

दादानं वर्तमानपत्राची घडी घातली. मग आणखी एक घडी. त्याच्या बोटांकडे बघत मी वाट बघत राहिले.

"कुणाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"कासवाला माहीत आहे. वहीत आहे. बाकी कुणाला नाही."

"ती वही कोण बघतं?"

"कुणी नाही."

त्यानं हलकेच श्वास सोडला. "मग राहू दे तसंच. तू काही मुद्दाम केलं नाहीस. त्यांना ताप आला, तो काय तू आणलास? ठमे, तू जे केलंस ते बरंच केलंस. मी आज इथे बसलोय."

मी म्हटलं, "दादा, ती कुपी माझी नव्हती."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, लाज दिसली नाही. भीती दिसली. मी त्याला जन्मात कधी घाबरलेला बघितला नव्हता, म्हणून आधी मला ती ओळखूच आली नाही. माझा वजनंमापांचा दादा, कुणाच्या बापाला न भिणारा, मरणाला इतका भ्यायला होता की पाचावर धारण बसली होती, आणि त्या भीतीपुढे त्याचं पितळी वजन, त्याचे सात मार्क, काही टिकलं नव्हतं. त्याला दोष तरी कसा द्यायचा? मी स्वतः काय वेगळी निघाले होते?

"खोकं आलं म्हणालीस ना?" त्यानं विचारलं.

"काल आलं."

"त्यात कुप्या किती?"

"दोन."

"म्हणजे एक घड्याळजींच्या नावची असणार. ती त्यांना आता लागणार नाही." त्यानं माझा हात धरला. "ती कुणाला देऊन टाकू नकोस. ठेव जपून. माझ्या वेळेला परत काही झालंच तर असावी."

वहिनी चहा घेऊन आत आली आणि म्हणाली, "काय चाललंय भावाबहिणीचं? इतकं गुलूगुलू?"

"काही नाही, हिच्या कामाचं," दादा म्हणाला. आणि कप हातात घेऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं, उत्तर हवं होतं म्हणून.

मी मान हलवली. त्याच्यापुढे नाही म्हणायची सवय मला कधी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीज उघडला, दुसऱ्या कुपीवरची घड्याळजींच्या नावाची चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि तिथे दादाचं नाव लिहिलं.